कवितेतलं शेत नेमकं कुठलं?

गावावरच्या बहुतेक कविता एकाच चाचणीत नापास होतात. कविता वाचून तीन गोष्टी सांगता येतात का ते बघायचं: महिना कुठला, जमीन कसली आणि पीक कोणतं. तिन्ही सांगता आल्या तर उत्तमच. दोन आल्या तरी कविता कुठल्या तरी खऱ्या शिवारात उभी आहे असं धरून चालावं. एकही नाही आली, तर ती कविता रानाची नसून कॅलेंडरवरच्या चित्राची आहे.

नमुन्यासाठी मुद्दाम रचलेल्या या चार ओळी. अशा ओळी दर जूनमध्ये ढिगानं लिहिल्या जातात.

हिरवे शेत डुलते
वारा गातो गोड गाणी
सुगंध येई मातीला
नभातून येते पाणी

अक्षरं प्रत्येक ओळीत आठ, यमक चोख, आणि तरी यातली एकही गोष्ट खरी नाही. पीक वाऱ्यावर डुलायचं तर पेरणीला महिना-दीड महिना तरी झालेला हवा. मातीचा वास येतो तो जमीन पूर्ण तापलेली असताना पडणाऱ्या पहिल्या सरींना. म्हणजे तिसरी ओळ मे-जूनची आणि पहिली ऑगस्टची. शिवाय डुलणारं पीक कोणतं? ज्वारी, बाजरी, गहू, भात ही डुलणारी पिकं. सोयाबीन डुलत नाही. ते गुडघा-मांडीएवढं दाट वाढतं आणि वाऱ्यानं त्याची पानं नुसती उलटीसुलटी होतात. कपाशी डुलत नाही, भुईमूग तर नाहीच नाही. आज राज्यात खरिपाचं सगळ्यात जास्त क्षेत्र सोयाबीन आणि कपाशीखाली आहे, पण कवितेत अजून बाजरीचीच कणसं डोलतायत. सोयाबीनवर लिहायला काय हरकत आहे? पिकलं की पानं गळून नुसती झुडपं उरतात, वाळलेल्या शेंगा खुळखुळतात, काढणीला चार दिवस उशीर झाला की शेंगा तडकून दाणे जमिनीवर सांडतात. यात कवितेला पुरेल एवढा ताण आहे.

मातीच्या वासाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सर्वात जास्त गैरवापर त्याचाच होतो. कोरड्या मातीत आणि दगडांत साठलेली वनस्पतींची तेलं आणि मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात तो जिओस्मिन हा पदार्थ पहिल्या पावसाबरोबर हवेत उडतो. या वासावरचा पहिला गाजलेला शोधनिबंध १९६४ चा. हलक्या सरीत हे कण जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. जमीन एकदा नीट भिजली की वास ओसरतो. म्हणून श्रावणातल्या कवितेत मृद्गंध आला की समजावं, कवी घरात बसून लिहितोय. श्रावणात रानात वास असतो तो गवताचा, शेणाचा, कुजत्या पाल्याचा आणि खुरपून बांधावर टाकलेल्या तणाचा. मधे लांब उघडीप पडून जमीन तापली तर पहिला वास पुन्हा येऊ शकतो. पण मग ती उघडीप कवितेत दिसायला हवी.

आता त्याच जागी दुसऱ्या चार ओळी ठेवून बघू.

मृग कोरडाच गेला
आर्द्रा रातभर आली
दोन दिस थांब म्हणे
वाफशाला माती काळी

महिना कळला: जूनचा शेवटचा आठवडा. जमीन कळली: भारी काळी, कारण मुरमाड रान दोन दिवस थांबवत नाही, दुसऱ्या दिवशीच औत चालतं. पिकाचं नाव नाही, पण पेरणी खोळंबली आहे हे कळतं. इथं एकही विशेषण शोभेसाठी नाही. 'काळी' हे विशेषण आहे खरं, पण ते मातीचा प्रकार सांगतं आणि थांबण्याचं कारणही. वाफसा म्हणजे जमिनीत ओल पुरेशी, पण चिखल नाही अशी अवस्था. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे पाऊस थांबला तरी औत घालता येत नाही. घातलं तर ढेकळं होतात आणि ती वाळली की फुटत नाहीत. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. दुबार पेरणीची सारी शोकांतिका त्या आकड्यात आहे. शेतकऱ्याचं दुःख मांडायचं असेल तर 'बळीराजा रडतो' लिहिण्यापेक्षा हा आकडा भरण्याआधीच चाड्यावर मूठ धरून पेरणारा माणूस दाखवावा.

नक्षत्रांचं गणित प्रत्येक गावकवीला तोंडपाठ हवं. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट, पूर्वा ३०-३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १०-११ ऑक्टोबर, स्वाती २३-२४ ऑक्टोबर. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही असतं: हत्ती, बेडूक, म्हैस, उंदीर, कोल्हा, मेंढा, मोर, घोडा, गाढव. वाहन दरवर्षी बदलतं, म्हणून कवितेत ते आलं की एक विशिष्ट साल आत येतं. नुसतं 'मृगाचा पाऊस' लिहून ते साधत नाही.

यात एक हमखास चूक होते. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य तिथं असताना ते तारे रात्री दिसत नाहीत. 'जूनच्या रात्री आभाळात मृग चमकला' ही ओळ सुंदर असली तरी खोटी आहे. मृगाचे तारे बघायचे तर पौष-माघाच्या रात्री ज्वारीच्या राखणीला जावं. त्या राखणीची कविता मात्र फारशी कुणी लिहीत नाही. दुसरी चूक वळवाची. वळीव हा एप्रिल-मे महिन्यांतला, दुपारनंतरचा, विजा-गारांसकटचा, तासाभरात संपणारा पाऊस. त्याला 'रिमझिम' लावू नये. आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस हा कापूस भिजवणारा, सोयाबीनच्या गंजी कुजवणारा. त्याचं स्वागत करणारी कविता फक्त रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभेल.

प्रदेश बदलला की सगळंच बदलतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माणदेशासारख्या पर्जन्यछायेत ५०० च्या आसपास. तरी माणदेशावरच्या कवितेत ओढे दुथडी भरून वाहतात, कारण कवीच्या कानात दुसऱ्याच कुणाचा तरी कोकणातला पाऊस बसलेला असतो. शेताला वऱ्हाड-खानदेश-मराठवाड्यात वावर म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात रान, पाण्याखालचं असेल तर मळा, दक्षिण कोकणात भाताचा तुकडा म्हणजे कुणगा, भंडारा-गोंदियाकडे बांधी. भाताचं रोप लावणं ही कोकणात लावणी, पूर्व विदर्भात रोवणी. देशावरचं कोळपं विदर्भात डवरा होतं, कुळवाचं काम तिकडं वखर करतं. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर अर्थ कळतो, पण जागा हरवते. एकाच कवितेत वावर आणि कुणगा आले की त्या भागातला वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

नामांपेक्षा क्रियापदं जास्त बोलतात, असं माझं ठाम मत आहे. 'कापणी' हा शब्द सगळ्या पिकांना लावणारा कवी शेतावर गेलेला नसतो. भात कापतात. कापूस वेचतात. ऊस तोडतात. भुईमूग आणि हरभरा उपटतात. ज्वारीचं ताट उपटून किंवा कापून आडवं करतात आणि मग कणसं खुडतात. गहू आणि सोयाबीन मराठवाडा-विदर्भात सोंगतात. प्रत्येक क्रियापदामागं शरीराची वेगळी ठेवण आहे: वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून ताठ चालते, सोंगणारी दिवसभर वाकलेली असते. क्रियापद बरोबर आलं की पाठदुखी वेगळी लिहावी लागत नाही.

आता जुन्या वस्तूंचा मोह. मोट हा त्यातला सगळ्यात मोठा. धाव, थारोळं, नाडा, सोंदूर, सोंड हे शब्द इतके देखणे आहेत की सोडवत नाहीत. पण डिझेल इंजिन आणि विजेचे पंप आल्यावर मोटा गेल्या, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. वर्तमानकाळात 'मोट चालते' लिहिलं की कविता संग्रहालयात जाते. मोटेवर लिहायचं तर भूतकाळात लिहावं, नाहीतर पडक्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं त्या जागेवर, जिथं आता पाइपांचं भेंडोळं पडलेलं असतं. आजच्या पाण्याची कविता वेगळी आहे. शेतीच्या थ्री-फेज विजेच्या पाळ्या असतात, काही दिवस त्या रात्रीच्या येतात. मग माणूस बॅटरी घेऊन, सापाला भीत, स्टार्टर दाबायला जातो आणि पाणी वळवायला वाफ्यांची दारं मोडत पहाट करतो. स्टार्टर, ठिबक, नळी, फेज हे शब्द कवितेत चालतात का? शेतकऱ्याच्या तोंडात रोज चालतात, मग कवितेत का नको? बैलांनी ओढायच्या तिफणीचंही मोटेसारखंच. बाजरी-ज्वारी अजून कुठं कुठं तिफणीनं पेरतात, पण बीटी कपाशीचं बी महाग. २००२ पासून ते आलं तसं कपाशी दोरी धरून, अंतर मोजून हातानं टोकली जाते. कपाशीच्या आजच्या कवितेत तिफण आली तर ती चूक आहे.

उलट दिशेची चूकही होते. जुन्या काळात ठेवलेल्या कवितेत बांधावर गाजर गवत उगवतं. हे गवत भारतात पसरलं १९५० च्या दशकानंतर, पुण्याच्या परिसरात नोंद झाल्यावर. आजोबांच्या बालपणीच्या कवितेत ते चालणार नाही. आजच्या कवितेत मात्र ते नसेल तर बांध खोटा वाटतो.

पाखरं आणि झाडांचं थोडक्यात: पावशा 'पेरते व्हा' म्हणतो तो पावसाआधीपासून जुलैपर्यंत. कोकीळ हिवाळ्यात जवळजवळ गप्प असते. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात ते हिवाळ्यात, आणि गोफण फिरते ती त्यांच्यासाठी. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा त्याला पानं नसतात. बहावा एप्रिल-मेचा. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून वेचणारे अंधारात निघतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. रस्त्याकडेला शोभतो, रानाची खूण म्हणून वापरू नये.

छंदाकडे वळू, कारण जागा फक्त शब्दांत नसते, लयीतही असते. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यावर बेतलेली होती. म्हणूनच तिच्यात 'गं', 'बाई', 'माझ्या' असे भरीचे शब्द येतात. ते लयीचे टेकू आहेत, छापताना काढले की ओवी लंगडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त अशा ओव्या जमा झाल्या. त्या वाचाव्यात, शक्य तिथं ऐकाव्यातच, आणि त्यांत गावांची, वाटांची, नद्यांची नावं कशी सहज ओवली जातात याकडे लक्ष द्यावं. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तिघांत यमक, चौथा आखूड. मोठा अभंग ६-६-६-४ अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. रानातल्या विषयाला सगळ्यात सहज बसते ती अष्टाक्षरी. बहिणाबाई चौधरींची अनेक गाणी याच आठ अक्षरांत आहेत.

अक्षरं मोजून काम संपत नाही, आठाचे चार-चार पडायला हवेत. वरच्या माझ्या ओळी परत बघा. 'दोन दिस / थांब म्हणे' आणि 'वाफशाला / माती काळी' इथं मधला विराम शब्दाच्या शेवटी पडतो. पण 'मृग कोर / डाच गेला' आणि 'आर्द्रा रात / भर आली' इथं तो शब्द चिरतो. वाचताना खपतं, गाताना अडखळतं. दुरुस्ती सोपी आहे, शब्द तेच ठेवून जागा बदलायच्या:

कोरडाच मृग गेला
रातभर आर्द्रा आली
दोन दिस थांब म्हणे
वाफशाला माती काळी

आता चारही ओळी मध्यावर स्वच्छ तुटतात. शिवाय 'कोरडाच' आधी आल्यानं तक्रार पहिल्याच श्वासात येते. 'आली-काळी' हे यमक काटेकोर नाही, लोकगीतात चालतं. पण हीच कविता वऱ्हाडी किंवा खानदेशी बोलीत न्यायची म्हटलं तर ते मोडेल, कारण तिकडं 'ळ' चा 'य' होतो. काळी 'कायी' होते, डोळे 'डोये'. बोली बदलणं म्हणजे चार शब्दांवर रंग मारणं नव्हे, यमकाची जुळणीच नव्यानं करावी लागते. म्हणून बोली आधी ठरवावी, यमक मागून.

बोलीचा दुसरा घोटाळा म्हणजे अर्धवटपणा. निवेदक प्रमाण मराठीत बोलतो आणि मधेच चवीपुरतं 'म्या', 'त्येचं' टाकतो. वाचकाला यात गावचा माणूस दिसत नाही, नक्कल दिसते. एकतर कवितेतला बोलणारा माणूस ठरवून अख्खी कविता त्याच्या तोंडची लिहावी, नाहीतर प्रमाण भाषेत लिहून फक्त वस्तूंची आणि कामांची नावं तिथली ठेवावीत. दुसरा मार्ग अवघड वाटत नाही, पण त्यातही ताकद आहे. बहिणाबाई (१८८०-१९५१) पहिल्या मार्गानं गेल्या, किंवा त्यांना दुसरा मार्गच नव्हता. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि नातलगांनी टिपून ठेवली, संग्रह आला तो त्या गेल्यावर १९५२ मध्ये. ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' १९६७ चा. तिथं भाषा बरीचशी प्रमाण आहे आणि रान त्यांच्या गावचं, पळसखेड्याचं. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचले की हा फरक कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळतो.

अनोळखी शब्द किती घ्यावेत? छोट्या कवितेत दोन, फार तर तीन. रुमणं, इसाड, शिवळ, जू, वेसण, कासरा सगळं एकाच कडव्यात आलं तर ती अवजारांची यादी होते. तळटीप शक्यतो टाळावी. शब्द अशा क्रियापदाशेजारी ठेवावा की अर्थ आपोआप उघडेल. 'चाडं' म्हणजे काय हे न कळणाऱ्यालाही 'चाड्यात बी सोडलं, नळ्यांतून मातीत गेलं' यावरून चित्र दिसतं.

जागेची टिपणं ठेवायची तर वही नक्षत्रानुसार करावी. एकच जागा निवडायची, पांदीचं तोंड, विहिरीचा काठ, काहीही, आणि दर नक्षत्राला एकदा तिथं जाऊन उभं राहायचं. टिपताना आधी क्रियापद: कोण काय करतंय. मग जमीन पायाला कशी लागते, चपलेला चिखल किती चिकटतो. मग आवाज. मग लोक काय बोलतायत, त्यांच्याच शब्दांत. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग न बघताही लिहिता येतात. शेताला घरचे कोणत्या नावानं ओळखतात तेही विचारावं: चिंचेचं, लवणातलं, विहिरीवरलं. सातबाराही बघावा. गट नंबर, हेक्टर-आर, पोटखराबा, इतर हक्कांत चढलेला बोजा, हे सगळं त्या जागेचंच वर्णन आहे. पोटखराबा म्हणजे शेतातली न पिकणारी जमीन. या शब्दावर अजून चांगली कविता व्हायची आहे.

कच्चा खर्डा झाला की पहिल्यांदा हिरवेगार, निळेशार, टपोरे, इवलेसे ही विशेषणं खोडून बघायची. ती काढून ओळ पडली तर ती उभीच नव्हती. मग तो शेती करणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचा. 'कशी वाटली' विचारू नये, तो 'छान' म्हणेल. 'यात काय चुकलं' विचारावं. मग तो सांगेल की त्या दिवसांत तुरीला फूल नसतं, की उतारावरच्या रानात पाणी साचत नाही.

बोलीतली कविता अंकाकडे पाठवताना वर एक ओळ जरूर लिहावी: बोलीतले शब्द आणि लेखन बदलू नये. मुद्रितशोधक सवयीनं 'पानी' चं 'पाणी' करतो आणि पुढच्या ओळीतल्या 'जिनगानी' शी जुळलेलं यमक जातं. छापून आल्यावर त्याचा उपयोग नसतो, म्हणून मुद्रितं आधी बघायला मागावीत आणि ण, न, ळ, य ही अक्षरं एकेक करून तपासावीत.